मामांच्या नावावर चार डोळे

आपल्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, ही बातमी मामांना फोनवर लाल अक्षरांत कळली.

मामा म्हणजे शहर बससेवेतले सर्वांत जुने ड्रायव्हर. खरे मामा ते एकाच मुलीचे, पण डेपोतले कंडक्टर, फिटर, कॅन्टीनवाली बाई, झाडून सगळे त्यांना मामाच म्हणत. सकाळची फेरी संपवून ते डेपोच्या कट्ट्यावर टेकले होते. संदेश वाचून माणूस चष्मा काढून पुसतो. मामांना चष्माच नव्हता, म्हणून त्यांनी डोळे चोळले आणि पुन्हा वाचलं.

'नेत्रतपासणीत आपण लाल व हिरवा हे रंग वेगळे ओळखण्यास असमर्थ असल्याचे आढळले आहे. सबब आपला वाहन परवाना स्थगित करण्यात येत आहे. आपला दिवस आनंदात जावो.'

"मला लाल दिसत नाही म्हणता," मामा शेजारच्या कंडक्टरला म्हणाले, "मग हे लाल अक्षरांत लिहिलंय कुणासाठी?"

कंडक्टरने फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मामा, आनंदात जावो हेही लालच आहे."

परवाना दर वर्षी नवा करायचा तर डोळे तपासून घ्यावे लागत. पूर्वी डॉक्टर कागदावर सही ठोकत. हल्ली डॉक्टरांनी निकाल एका पोर्टलवर भरायचा, पोर्टलने तो परवाना कचेरीला आणि बससेवेला कळवायचा, आणि ड्रायव्हरने तो सर्वांत शेवटी वाचायचा, अशी सोय झाली होती. मामा गेल्याच आठवड्यात तपासून आले होते. डॉक्टरीणबाईंनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं, मामांनी त्यातले आकडे धडाधड वाचले, आणि बाई म्हणाल्या होत्या, "या वयात असे डोळे म्हणजे कौतुक आहे." त्या कौतुकाचं हे असं झालं होतं.

घरी मामींनी संदेश शांतपणे वाचला. मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं कळलं. मी इतकी वर्षं विचार करत होते की हे पडदे तुम्ही आणलेत तरी कसे."

दुसऱ्या दिवशी मामा डेपोच्या साहेबांपुढे उभे राहिले. साहेब बोलताना श्वास घ्यावा तसं कलम घेत, म्हणून सगळे त्यांना कलमसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हातात नियमांचं पुस्तक नसतं तर ते कदाचित चांगलेही निघाले असते.

"पुन्हा तपासा म्हणता," कलमसाहेब म्हणाले, "पण मामा, रंगदोष हा जन्मजात असतो. जन्मजात दोष पुढच्या आठवड्यात बरा होत नाही. म्हणून कलम सतराप्रमाणे त्याला फेरतपासणी नाही."

"पण मला तो नाहीच."

"आता आहे. आणि जन्मजात आहे, म्हणजे नोकरीला लागलात तेव्हाही होता. तेव्हा तुम्ही तो लपवलात. त्याची चौकशी वेगळी. महिनाअखेरीपर्यंत स्थगिती, मग परवाना कायमचा रद्द."

मामांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. "तो दरवाजा हिरवा. त्याच्यापुढची बादली लाल. तिच्यावर बसलेला फिटर निळ्या कपड्यांत, आणि कामचुकार."

"तोंडी पुरावा नियमात बसत नाही. किल्ली."

मामांनी किल्ली टेबलावर ठेवली. रद्द होईपर्यंत त्यांना बसवून पगार देता येत नव्हता, म्हणून त्यांची नेमणूक हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत झाली. काम सोपं होतं. बसमध्ये लोक विसरलेल्या छत्र्या यायच्या, त्यांचे रंग लिहून घ्यायचे. ज्या माणसाला सरकारी रीतीने रंग दिसत नव्हते त्याने ते दिवसभर लिहिले, आणि कलमसाहेबांनी ते बरोबर आहेत म्हणून रोज संध्याकाळी त्याखाली सही केली. यात काही विसंगत आहे असं बससेवेत कुणालाही वाटलं नाही.

मामांनी पोर्टलवर तक्रार केली. पोर्टलने तिच्याबद्दल आभार मानले. तक्रार पोर्टल बनवणाऱ्या कंपनीत गेली, आणि तिथे नव्यानेच लागलेल्या एका मुलीच्या वाट्याला आली. ती त्यांची भाची निघाली. पोर्टल आपल्याच कंपनीचं आहे हे तिने मामांना कधी सांगितलं नव्हतं, कारण नातेवाइकांना सांगितलं की ते प्रिंटर दुरुस्त करायला बोलावतात.

तिच्या वरच्या हुद्द्यावर एक गृहस्थ होते. पोर्टलची सगळी रचना त्यांची. ते सतत शिकवत असत, म्हणून त्यांचं नाव गुरुजी. डावा डोळा जन्मापासून अधू, तो त्यांनी कधी लपवला नाही. मान किंचित वळवून उजव्या डोळ्याने ते पडद्याकडे असं बघत की पडद्यालाच अपराधी वाटावं.

"असं होऊच शकत नाही," गुरुजी म्हणाले. "आम्ही हजारदा चाचणी घेतली आहे."

"एका वेळी एकानेच ना, सर?"

"मग किती जणांनी घ्यायची असते?"

भाचीने प्रोग्राम उघडून वाचायला सुरुवात केली, आणि वाचता वाचता तिचे कान गरम झाले. संध्याकाळी ती थेट मामांच्या घरी आली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि मामींनी विचारायच्या आत बोलू लागली.

"मामा, डॉक्टर निकाल भरून 'जतन करा' दाबतात ना, ती पोर्टलला एक विनंती जाते. त्या विनंतीचं काम एकटा कुणी करत नाही. आतमध्ये फंक्शनं असतात, म्हणजे एकेका कामाचे कामगार समज. पहिला बघतो की उमेदवार कोण आहे. दुसरा त्याची जुनी फाइल शोधून आणतो, त्याला जरा वेळ लागतो. तिसरा निकाल लिहून टाकतो. आता उमेदवाराचं नाव पहिल्याला माहीत आहे, पण ते हवंय तिसऱ्याला."

"मग द्यावं की हातोहात."

"तेच तर. प्रत्येक विनंतीबरोबर तिची स्वतःची पिशवी द्यायची, तीत नाव ठेवायचं, आणि पिशवी या हातातून त्या हातात जाऊ द्यायची. पण गुरुजींना ते गचाळ वाटलं. जो तो पिशवी घेऊन फिरतोय, हे दिसतं कसं, म्हणे. म्हणून त्यांनी मधोमध एक पाटी टांगली. पहिल्याने नाव पाटीवर लिहायचं, तिसऱ्याने पाटी वाचून निकाल चढवायचा. पाटी एकच. सगळ्या शहराला."

मामांची चमचा फिरवणारी बोटं थांबली. "म्हणजे डेपोत एकच पाटी. मी गाडी काढताना तिच्यावर माझं नाव लिहिलं, मागून दुसरा आला, त्याने माझं पुसून त्याचं लिहिलं..."

"आणि तू केलेला अपघात त्याच्या नावावर. बरोबर."

"मी अपघात केलेला नाही."

"उदाहरण आहे, मामा."

"उदाहरणातसुद्धा नाही."

"बरं, त्याने केलेला तुझ्या नावावर," भाची म्हणाली. "तेच झालंय. दुसऱ्या कुणाचा तरी निकाल तुझ्या आधी एक क्षणभर आत गेला. पाटीवर त्याचं नाव लागलं. त्याची फाइल सापडायला उशीर झाला. तेवढ्यात तुझी विनंती आली आणि पाटीवर तुझं नाव चढलं. तुझा निकाल तुझ्या नावावर नीट लिहिला गेला. मग त्याची फाइल सापडली, तिसऱ्याने पाटी बघितली, तुझं नाव दिसलं, आणि त्याचाही निकाल तुझ्याच नावावर, तुझ्या निकालावर गिरवून टाकला."

मामी म्हणाल्या, "म्हणजे यांच्या नावावर चार डोळे."

"हो. आणि त्याच्या नावावर एकही नाही."

"मग त्याला बिचाऱ्याला कुठला परवाना मिळतोय."

भाचीने कपाळाला हात लावला. "मिळाला असेल, मामी. नियम असा आहे की ज्याच्या नावावर दोष लिहिलेला नाही तो निर्दोष. ठरलेल्या मुदतीत काहीच लिहिलं गेलं नाही तर परवाना आपोआप नवा होतो. कुणी दारात खोळंबू नये म्हणून."

मामींनी चहाचं आधण ठेवलं. ज्याला दिसतं त्याने छत्र्या मोजायच्या आणि ज्याच्या नावावर डोळेच नाहीत त्याने गाडी हाकायची, हे पचवायला माणसाला निदान एक कप चहा लागतो.

आणि चहावरूनच बाकीचं उलगडलं. दुसऱ्या दिवशी भाची दवाखान्यात गेली. तिथे नवरा-बायको दोघेही डोळ्यांचे डॉक्टर. बाईंच्या खोलीचं दार हिरवं, नवऱ्याच्या खोलीचं लाल. दोघे मन लावून तपासायचे आणि आकडे भरून ठेवायचे, पण 'जतन करा' दाबायला विसरायचे. चहावाली ट्रे घेऊन आली की कपबश्यांच्या आवाजाने दोघांना एकदमच आठवायचं, आणि दोन्ही खोल्यांतून एकाच क्षणी बटण दाबलं जायचं. संसारात त्यांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं नव्हतं.

"लाल दार," भाचीने हे सांगितल्यावर मामा पुटपुटले. मग उभेच राहिले. "अगं, बाकावर माझ्या शेजारी एक टँकरवाला होता. चाळिशीचा असेल. चांगला बोलत होता. त्याला सांगितलं की लाल दाराच्या खोलीत जा. तर मला विचारतो, काका, यातलं लाल कुठलं? मला वाटलं, थट्टा करतोय."

"मामा, टँकरवाल्यांच्या फायलीत जास्तीची कागदपत्रं असतात. त्या सापडायला वेळ लागतो."

"कसला टँकर गं होता?"

भाचीला ते माहीत नव्हतं. मामांना माहीत होतं, त्याने सांगितलं होतं. पेट्रोलचा.

इथपर्यंत मामांचा राग स्वतःपुरता होता. माणसाला आपल्या किल्लीचा राग येतो, तेवढाच. आता तो त्यांच्या हातात मावेना. त्यांनी मामींना सांगितलं की जेवायला थांबू नका, आणि भाचीला घेऊन ते कंपनीत गेले. कलमसाहेबांनाही तिथेच बोलावून घेतलं होतं, कारण तक्रार त्यांच्या डेपोची.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे दोष पोर्टलमध्ये नाहीच. चहात आहे."

"सर?" भाची म्हणाली.

"चहा बंद करा. कारण गेलं की परिणाम गेला. मी आजच दवाखान्याला तसं कळवतो."

"सर, शहरात असे पन्नास दवाखाने आहेत."

"सगळ्यांना कळवू."

खरोखरच दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात चहा बंद झाला. चहावाली घरी बसली. एका ओळीच्या चुकीसाठी शहरातल्या तमाम नेत्रवैद्यांनी तहानलेलं राहावं, हा उपाय लेखी निघाला, त्यावर क्रमांक पडला, आणि त्याच्या तळाशी दिवस आनंदात जावो हेही होतं.

पण बैठकीत मामांचा प्रश्न दुसराच होता. "चहाचं राहू द्या. त्या टँकरवाल्याला थांबवणार कोण? आणि त्याच्यासारखे आणखी किती आहेत?"

"त्यांच्यापैकी कुणाची तक्रार आलेली नाही," गुरुजी म्हणाले.

"ज्याला डोळे फुकट मिळाले तो तक्रार कशाला करेल?"

"तक्रार नाही म्हणजे कारवाई नाही," कलमसाहेबांनी दुजोरा दिला. "कलम नऊ."

"साहेब, तुमच्या कलमांत कुठे असं लिहिलंय का, की पेट्रोलचा टँकर सिग्नल तोडून माझ्या बसवर आला तर तक्रार मी करायची की माझ्यामागे बसलेल्या शाळेच्या पोरांनी?"

कलमसाहेबांनी पुस्तक चाळलं. त्यांनी खरंच चाळलं. मग म्हणाले, "आधी हे असं घडतं याचा पुरावा हवा. पोर्टलच्या नकली प्रतीवर दाखवलेला चालणार नाही. खऱ्यावर दाखवा. माझी स्वतःची या वर्षीची तपासणी व्हायची आहे, मीच बसतो."

"साहेब," भाची म्हणाली, "खऱ्यावर झालं तर खरंच होईल."

"मला तेच हवंय."

दुसऱ्या बाजूने कोण बसणार, यावर सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी जन्मात गाडी चालवलेली नव्हती, पण आपल्या रचनेवर त्यांचा विश्वास होता. नव्या उमेदवाराचा फोटो साठवायला पोर्टलला वेळ लागतो, हे भाचीला माहीत होतं. तिने ते सांगितलंही. गुरुजी म्हणाले, "तुझा फार अभ्यास झालाय."

खास त्या सकाळपुरती चहाला परवानगी काढण्यात आली. कलमसाहेब हिरव्या दाराआड बाईंसमोर बसले, गुरुजी लाल दाराआड. दोन्हीकडे आकडे भरून झाले. ट्रे आला, कपबश्या वाजल्या, आणि दोन्ही खोल्यांतून एकेक टक् ऐकू आला, लाल दारातून जरासा आधी. बाकावर बसलेल्या मामांनी तो श्वास रोखून ऐकला.

पाचेक मिनिटांत कलमसाहेबांचा फोन वाजला. 'आपला डावा डोळा जन्मतः अधू असल्याचे आढळले आहे.' पुढचं सगळं तेच, आनंदासकट.

कलमसाहेबांनी उजवा डोळा हाताने झाकला आणि भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. अगदी शेवटची बारीक ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. "दिसतंय की मला."

"मलाही दिसत होतं, साहेब," मामा म्हणाले.

"मग फेरतपासणी..." आणि कलमसाहेब थांबले. पुढचं वाक्य त्यांना तोंडपाठ होतं. जन्मजात दोष पुढच्या आठवड्यात बरा होत नाही.

बाहेर त्यांची कचेरीची गाडी उभी होती. ती ते स्वतः चालवत, आणि डेपोत त्यांच्याजवळ अभिमानाने सांगण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती. मामांनी काही मागितलं नाही. नुसता तळहात पुढे धरला. कलमसाहेबांनी किल्ली काढून त्यावर ठेवली, कारण पुस्तकात तसं होतं, आणि ते बसने डेपोत गेले.

बसमध्ये बसून त्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं असावं. निकाल फिरवता येत नव्हता, पण तपासणीच झाली नाही असं ठरलं तर निकालही उरत नव्हता. आणि एकाची तपासणी झाली नाही असं ठरवायला कलम नव्हतं. सगळ्यांची झाली नाही असं ठरवायला होतं. मामांनी आठवडाभर घसा कोरडा केला होता तेव्हा जे घडलं नाही ते संध्याकाळी चार वाजता घडलं. कलमसाहेबांनी परवाना कचेरीला असं पत्र धाडलं की कचेरीला पळता भुई थोडी झाली. पोर्टल सुरू झाल्यापासूनच्या सर्व तपासण्या झाल्याच नाहीत असे समजावे. सर्व परवाने तूर्त स्थगित. सर्वांनी नव्याने तपासून घ्यावे. चूक कुणाची, त्याचा उल्लेख नव्हता. माफीचा तर नव्हताच.

भाचीने दोन दिवसांत पाटी काढून टाकली आणि प्रत्येक विनंतीला तिची पिशवी दिली. मग तिने दोन नाही, दोनशे विनंत्या एकदम सोडून पाहिल्या. ज्याचा निकाल त्याला मिळाला. गुरुजींनी प्रोग्राम मान वळवून पाहिला आणि म्हणाले, "चालतंय, पण दिसायला बरं नाही." वरिष्ठांना पाठवलेल्या अहवालात त्यांनी याला आपण सुचवलेली सुधारणा म्हटलं. भाची मामांना म्हणाली, "म्हणू दे." पण ती ते दात आवळून म्हणाली.

तपासणीच्या दिवशी दवाखान्याचा बाक कमी पडला. रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर गेली होती. सगळे गुरगुरत होते. दिवसाची कमाई बुडवून आलेली माणसं, गुरगुरणारच. मामांचा नंबर लवकर लागला. बाईंनी ठिपक्यांचं पुस्तक धरलं, मामांनी आकडे वाचले, बाईंनी तिथल्या तिथे बटण दाबलं. या वेळी कौतुक वगैरे काही केलं नाही, त्या फार थकल्या होत्या.

मामा बाहेर आले तर बाकाच्या कडेला तो टँकरवाला बसला होता. त्याने ओळखलं.

"काका, तुम्हीपण? कुणीतरी तक्रार केली म्हणून हे सगळं. कुठला उपटसुंभ होता कोण जाणे. स्वतःचं काय बिनसलं असेल, लावलं सगळ्यांना कामाला."

मामा त्याच्या शेजारी बसले. "मी केली."

टँकरवाला त्यांच्याकडे वळला.

"तुझा निकाल माझ्या नावावर आला होता," मामा म्हणाले. "लाल-हिरवं दिसत नाही म्हणून माझी किल्ली काढून घेतली. तुला ठाऊक होतं ना?"

"शाळेपासून." तो आवाज न चढवता बोलत होता. "सिग्नलला वरचा दिवा असला की थांबायचं, खालचा असला की निघायचं. पंधरा वर्षं एक ओरखडा नाही."

"आणि पुढच्या गाडीने ब्रेक मारला तर?"

"तो दिवा उजळतो की. रंगाशी काय करायचंय."

"रेल्वे फाटकावर एकच दिवा असतो. धुक्यात वर काय नि खाली काय?"

त्याने जिन्यावरच्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमचा परवाना गेला असता तरी तुम्ही चारदोन वर्षांत निवृत्तच होणार होतात. माझी पोरं शाळेत आहेत. हा विचार केलात?"

"केला. मग माझ्या बसमधल्या पोरांचा केला."

"तुमचं बरंय, दोन्हीकडून बोलता येतं."

मामांना याचा राग यायला हवा होता. आठवडाभर त्यांच्याजवळ राग इतका होता की कुणालाही पुरला असता. पण या माणसावर तो खर्च करावा असं त्यांना वाटेना. "दर वर्षी तपासत होते ना तुला? मग आधी कुणी कसं धरलं नाही?"

"कागदाच्या दिवसांत डॉक्टर विचारायचे, दिसतंय ना नीट? मी म्हणायचो, दिसतंय. ते सही करायचे." तो हसला, पण ते हसू कडवट होतं. "पहिल्या वर्षीच कुणी हे पुस्तक पुढे धरलं असतं ना, काका, तर मी तेव्हाच दुसरं काहीतरी शिकलो असतो. विशीत होतो. आता चाळिशीत सांगतात. आणि तेही आधी चुकून तुम्हाला सांगतात."

आतून त्याचा नंबर पुकारला. बाहेर उभ्या असलेल्या मदतनीस बाईने सवयीने लाल दाराच्या खोलीत जा म्हणून सांगितलं. तो उठला आणि दोन दारांसमोर उभा राहिला. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, अहो, चला ना पुढे.

मामा उठले, त्याच्या खांद्याला हात लावून त्यांनी त्याला उजवीकडच्या दाराकडे वळवलं. त्याने तो हात झटकला आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

मामांना दुपारची फेरी होती आणि किल्ली मिळायची बाकी होती. तरी ते बाकावर परत येऊन बसले, आणि तो बाहेर येईपर्यंत बसून राहिले.